दाणा सजीव की निर्जीव?

शालेय पाठ्यपुस्तकांत सजीवांची लक्षणे ओळीने दिलेली असतात : वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, पुनरुत्पादन, हालचाल. विद्यार्थी ती पाठ म्हणूनही दाखवितात. मात्र ज्वारीचा एक कोरडा दाणा तळहातावर ठेवून तो सजीव की निर्जीव, असे विचारले तर वर्गात बहुधा दोन तट पडतात. दाणा हलत नाही, वाढत नाही, अन्न घेत नाही. मग तो सजीव कसा?

उत्तर श्वसनात आहे. दाण्यातील गर्भ सुप्त असतो, मृत नव्हे. अत्यंत मंद गतीने तो प्राणवायू घेतो व कर्बवायू सोडतो. एका दाण्याचे श्वसन कोणास जाणवणार नाही. पेवातील ज्वारीचे जाणवते. जमिनीखालील बंद पेवात धान्य, तसेच त्यातील कीड व बुरशी, श्वसन करीत राहतात. प्राणवायू संपत जातो आणि हवेहून जड असलेला कर्बवायू तळाशी साचतो. त्यामुळे कीड मरते व धान्य टिकते, हा लाभ. परंतु त्याच कारणाने, पेव उघडून ते पुरेसे मोकळे न ठेवता आत उतरलेली माणसे गुदमरून दगावली आहेत. बंद धान्यकोठारांत हा धोका आजही तोच आहे. श्वसनाचा पाठ शिकविताना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे.

जो श्वास घेतो, तो कधीतरी मरतोही. ओलावा व उष्णता वाढली की दाण्याचे श्वसन वाढते आणि साठविलेले अन्न लवकर खर्ची पडते. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांच्या ठोकताळ्यानुसार, ठरावीक मर्यादेत, बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने अथवा साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. इस्रायलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये रुजले, ते तेथील कोरड्या हवेमुळेच.

सर्वच बियाणे असे चिवट नसते. येथे वर्गीकरण उपयोगी पडते. इंग्लंडमधील जॉन रे यांनी सतराव्या शतकात सपुष्प वनस्पतींची एकदल व द्विदल अशी विभागणी केली. परीक्षेपुरती ती सर्वांना ठाऊक असते. शेतातील तिचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. एकदल ज्वारीत अन्नाचा मुख्य साठा गर्भाबाहेर, भ्रूणपोषात असतो. द्विदल सोयाबीनमध्ये तो गर्भाच्याच दोन दलांत असतो आणि भावी मूळ पातळ सालीच्या लगेच खाली असते. पोते आदळले, मळणीयंत्र वेगाने फिरले किंवा थप्पी फार उंच रचली, की हे मूळ दुखावते. दाणा वरून टपोरा दिसतो, पण उगवत नाही. बियाणे, खत आणि मजुरी यांवरील खर्च वाया जातो; दुबार पेरणीस वेळ राहीलच, याचा भरवसा नसतो.

म्हणून घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी उगवणशक्ती तपासणे अगत्याचे आहे. निवड न करता १०० दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावे व ओलावा टिकवावा. साधारण आठवड्याने सशक्त मूळ व कोंब असलेली रोपेच मोजावीत; वेडीवाकडी, तुटकी धरू नयेत. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण ठरविलेली आहे. त्याहून थोडी कमी आढळल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी असल्यास ते पेरणीस वापरू नये. मटकीला मोड आणणाऱ्या गृहिणीस यात नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की येथे मोजणी असते.

मे महिन्यात शाळांना सुटी असल्याने हा प्रयोग एप्रिलमध्येच विद्यार्थ्यांकरवी घेता येईल. प्रत्येकाने घरचे १०० दाणे आणावेत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, म्हणजे दुसरे बियाणे मिळविण्यास शेतकऱ्यास अवधी राहील. उन्हाळ्याच्या उष्णतेत उगवणशक्ती आणखी घटू शकते. तेव्हा पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी हीच चाचणी पुन्हा घ्यावी.