उसनी पिसे : एका इसापकथेचा अभ्यास

वरच्या इयत्तांतील विद्यार्थी इसापनीतीकडे 'लहान मुलांच्या गोष्टी' म्हणून पाहतात. परंतु ज्या कथा दोन सहस्र वर्षे टिकल्या, त्यांत काही खोल अर्थ असल्यावाचून त्या टिकल्या नसत्या. मोराची पिसे लावणाऱ्या कावळ्याची कथा अशांपैकीच होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कवी फीड्रस याने ती लॅटिन पद्यात सांगितली. एका गर्विष्ठ कावळ्याने मोरांची गळून पडलेली पिसे वेचली, अंगावर खोवली आणि जातभाईंना तुच्छ लेखून तो मोरांच्या थव्यात शिरला. मोरांनी त्याचे सोंग ओळखले, पिसे उपटली व चोची मारून त्याला हाकलून दिले. खिन्न होऊन तो आपल्या गोतात परतला. पण तेथेही त्याला थारा मिळाला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिसे गळून पडलेली होती. ती उचलल्याने मोरांचे काहीच गेले नव्हते. कावळ्याचा अपराध पिसे वेचण्यात नव्हता. ती आपलीच आहेत असे भासविण्यात होता.

ही कथा लेखकांना विशेष लागू पडते, हे होरेस या कवीने फीड्रसच्याही आधी ओळखले होते. इ. स. पू. २० च्या सुमाराच्या एका पद्यपत्रात त्याने सेल्सस नावाच्या लेखकमित्रास इशारा दिला आहे. रोममधील अपोलोच्या मंदिरातील ग्रंथांना हात न लावता त्याने स्वतःचे काही शोधावे. नाहीतर पक्षी आपापली पिसे परत मागावयास येतील आणि कावळ्याप्रमाणे त्याचे हसे होईल! वाङ्मयचौर्याचे इतके समर्पक चित्र दुसरे सापडणे कठीण.

चित्रकारापुढे मात्र ही कथा एक मौजेचा पेच टाकते. कावळा मोरासारखा सजलेला दिसला पाहिजे आणि तो मोर नाही, हेही पाहणाऱ्यास तत्काळ कळले पाहिजे. म्हणून पिसारा मोराचा काढला, तरी चोच, पाय व अंगलट कावळ्याचीच ठेवावी लागते. अक्षरे न येणारे मूलही असे चित्र पाहून हसते, ते यामुळेच. शब्दांत लपलेले सोंग रेषांत उघडे पडते.

फ्रेंच कवी ला फोंतेन याचा कथासंग्रह इ. स. १६६८ मध्ये फ्रान्स्वा शोव्हो याच्या चित्रांसह निघाला. त्यातही ही कथा आहे. फक्त कावळ्याच्या जागी त्याच्याच कुळातील दुसरा पक्षी आहे. दोन पायांचे असे 'पक्षी' लेखकांतही पुष्कळ असतात, असा टोला कवीने शेवटी मारला आहे. मग कोणी विचारील, ला फोंतेनने तरी कथा इसापाच्याच घेतल्या ना? होय, पण 'निवडक कथा, पद्यात रचलेल्या' असे त्याने ग्रंथाच्या नावातच सांगून टाकले. इ. स. १६७८ च्या दुसऱ्या संग्रहात तर भारतीय ऋषी पिल्पे याचे ऋण त्याने स्पष्टपणे मान्य केले. पंचतंत्रातील कथा पश्चिमेकडे ज्याच्या नावावर गेल्या, तोच हा पिल्पे.

आपल्याकडील थोर उदाहरण ज्ञानेश्वरांचे. व्यासांच्या पावलांवरून, भाष्यकारांना वाट विचारीत आपण चाललो, असे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस नम्रपणे सांगितले. त्यामुळे ज्ञानेश्वरीचे तेज उणे झाले काय? उलट, मूळ गीता समोर असल्यामुळेच ज्ञानेश्वरांनी स्वतःचे किती घातले, ते आपणांस दिसते. ऋण मान्य करणाऱ्याचीच खरी कमाई मोजता येते. ऋण लपविणाऱ्याचे जे स्वतःचे असेल, तेही संशयात सापडते. कावळ्याला आपल्या गोतानेही दूर लोटले, याचा अर्थ हाच.

विद्यार्थी मित्रहो, निबंधाच्या मार्गदर्शकातून उतारा उचलणे पूर्वीही सोपे होते. आता तर यंत्राला सांगितले की सबंध निबंध क्षणात पुढे येतो. वाचा, वेचा, दुसऱ्यांपासून मनसोक्त शिका. मात्र घेतले तेथे नाव द्या. दुसऱ्याचे चित्र पाहून चित्र काढले, तर खाली 'अमुक चित्रावरून' एवढे लिहावयास लाज कसली? तुमची स्वतःची चार ओबडधोबड वाक्ये शिक्षकांना त्या उसन्या पिसाऱ्याहून अधिक मोलाची वाटतात. कारण ती सुधारता येतात, वाढविता येतात. खोवलेले पीस कधी वाढत नाही. अंगचे पीस मात्र गळले तरी पुन्हा येते.