जिवंत पेशींतील गंधकाचा माग

ओहोटीच्या वेळीं वसईच्या खाडीकांठीं तिवरांच्या बुंध्याशीं काळा चिखल उघडा पडतो, व त्यांतून सडक्या अंड्यासारखा दर्प येतो. त्या बाजूस ज्यांचीं घरें आहेत त्यांस तो सांगावयास नकोच. हवा न पोहोंचणाऱ्या चिखलांत सूक्ष्म जंतु समुद्राच्या पाण्यांतील सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु करितात. त्याचाच हा दर्प होय. हा वायु विषारी खरा. तथापि आपल्या पेशीही तो अत्यल्प प्रमाणांत करितात, आणि मेंदूच्या कार्यांत त्याचा उपयोग होत असावा असें जपानांतील हिदेओ किमुरा व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं दाखविलें. मग तो जिवंत पेशींत केव्हां व कोठें उत्पन्न होतो, हें पाहावें कसें?

जुन्या रीतींत शरीराचा भाग वाटून त्यांत आम्ल घालीत, व मिथिलीन ब्लू या रंगाच्या गडदपणावरून वायु मोजीत. आंकडा मिळे, पेशी मात्र मरे. शिवाय आम्लानें इतरत्र बांधलेला गंधकही सुटून आंकड्यांत मिसळे.

नवी रीत प्रकाशाची आहे. कोयनेल म्हणजे क्विनाईन. त्याचा आम्लयुक्त द्राव उन्हांत धरिला असतां त्यावर निळी झांक दिसते. अदृश्य किरण शोषून तें द्रव्य दृश्य प्रकाश परत देतें, याचा उलगडा जॉर्ज स्टोक्स यांनीं १८५२ सालीं केला. अशा चमकणाऱ्या रंगाच्या रेणूंत नायट्रोजनाच्या तीन अणूंचा अ‍ॅझाइड गट योग्य जागीं बसविला कीं चमक विझते. हायड्रोजन सल्फाइड त्या गटाचें अमाईनांत रूपांतर करितो, आणि रंग उजळतो. २०११ सालीं बर्कले येथील क्रिस्टोफर चँग यांच्या प्रयोगशाळेनें या युक्तीनें जिवंत पेशींतील हा वायु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला.

येथवर काम सोपें वाटेल. परंतु पेशींत ग्लुटाथायोन नांवाचें दुसरें गंधकयुक्त द्रव्य हजारों पटींनीं अधिक असतें. शोधक रंग त्यालाच भुलला, तर सारी पेशी उजळेल. चित्र सुंदर, पण खोटें! आमच्या मतें या विद्येचा खरा कस चमकण्यांत नसून न चमकण्यांत आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंतील पिनाकी तालुकदार यांच्या गटानें २०१३ सालीं असा एक रंग प्रसिद्ध केला. त्यांतही भर होता तो त्वरेवर व याच निवडीवर.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. हा रंग ज्यास शोधतो त्यासच खर्च करितो, व एकदां उजळला कीं पुन्हा विझत नाहीं. अंगणांत ठेविलेल्या भांड्यांतील पाण्यावरून एकूण पाऊस कळतो, आतां पडतो आहे कीं थांबला तें कळत नाहीं; तसेंच हें. म्हणून सावध संशोधक हा वायु करणारें एन्झाइम बंद पाडून तोच प्रयोग पुन्हा करितात. तरीही पेशी पूर्वींइतकीच चमकली, तर ती चमक दुसऱ्याच कशाची तरी आहे असें समजतात.