चेन थोडी सैलच असू दे

अगं बयो, गाडी घेतलीस, पेढे वाटलेस, माझं ऐकून हेल्मेटही चांगलं घेतलंस. आता एक गोष्ट कानात सांगते. शोरूमवाले ती सांगत नाहीत आणि गल्लीतला मेकॅनिक कधीकधी नेमकी उलटी सांगतो. चेन ताठ म्हणजे गाडी फिट, असं काही नसतं. चेनला ढील लागते, आणि ती किती, हे तुझं तुला माहीत हवं.

का ते ऐक. मागचं चाक चिमट्यावर बसवलेलं असतं. स्विंगआर्मला गॅरेजात चिमटा म्हणतात. तूही तेच म्हण, मग तुला कुणी नवखी समजणार नाही. खड्डा आला की हा चिमटा वर-खाली होतो. पण तो ज्या खिळीवर फिरतो ती एकीकडे आणि इंजिनाकडचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, दुसरीकडे. त्यामुळे तू बसलीस, मागे मैत्रीण बसली, गाडी दबली, की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप ओढली जाते. उभ्या गाडीवरच जी तारेसारखी ताठ आहे, तिनं खड्ड्यात करायचं काय? तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन निदान खडखड करून सांगते तरी. घट्ट चेन गप्प राहते आणि थेट इंजिन खोलायच्या खर्चातूनच बोलते. म्हणून जराशी सैल परवडली. अगदी लोंबती मात्र नको. ती स्प्रॉकेटवरून उतरली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं.

मोजायला पट्टी पुरते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला. खालच्या बाजूची चेन दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध बोटानं वर उचल, खाली दाब, एकूण किती हलते ते बघ. रोजच्या वापरातल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर चालते. तुझ्या गाडीचा नेमका आकडा, आणि गाडी कुठल्या स्टँडवर ठेवून मोजायचा तेही, पुस्तिकेत असतं. बऱ्याच गाड्यांच्या चिमट्यावर स्टिकरही असतो. चाक हळूहळू फिरवत चार ठिकाणी माप, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते, तिथलं माप खरं. घट्ट जागेत आणि सैल जागेत फार फरक असेल, तर ती चेन संपत आली. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो खरं, पण लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. आतल्या पिना आणि बुश झिजतात. शंभरावर कड्यांत केसाएवढी फट पडली तरी एकूण लांबी वाढतेच.

कसायचं काम पहिल्यांदा मेकॅनिककडूनच करून घे, पण समोर उभी राहा, चहाला जाऊ नकोस. आधी एक्सलचा नट सैल व्हायला हवा, मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरायला हवेत. चिमट्यावर त्यासाठीच रेघा असतात. डावी-उजवी वेगळी झाली तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एकाच अंगानं खाल्ले जातात. नट कसल्यावर ढील पुन्हा मोजायला लाव, कारण कसताना माप हलतं. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलही तपास. चाक मागे सरकलं की ब्रेकची ढील कमी होते आणि तो घासत राहतो.

साफसफाई मात्र तुझी. पाचशे किलोमीटरला एकदा धर, पावसाळ्यात चिखल उडाला की त्याआधीच. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश लांब ठेव, आतली रबरं खराब होतात. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. वर नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे, चेनच्या आतल्या बाजूनं. जास्तीचं पुसून टाक, नाहीतर धूळ चिकटते. गॅरेजातलं जळकं ऑइल फुकट मिळालं तरी नको, त्यात धातूचा चुरा असतो.

आणि हे अगदी शपथेवर सांगते: गाडी गिअरमध्ये टाकून, चाक आपोआप फिरतंय म्हणून फडकं धरायचं नाही. कितीही जण तसं करताना दिसोत. फडकं ओढलं जातं आणि पाठोपाठ बोटं. चाक हातानंच फिरव. ओढणी, साडीचंही तेच. मागचं निदान अर्धं चाक झाकणारं गार्ड नियमानं सक्तीचं आहे. ‘लूक’ बिघडतो म्हणून काढून टाकू नकोस.

एक दिवस स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले दिसतील, किंवा मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन ओढली तर ती दातांवरून सुटून येईल. तेव्हा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेटच बदल. झिजलेले दात नव्या चेनलाही लवकर खातात. ‘ताई, फक्त चेन टाकतो, स्वस्तात होईल’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हण.