पाणी धरणारे कण व आपली जमीन

नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांस पाणी अडविण्याची थोरवी निराळी सांगावयास नको. इ. स. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, बोरी नदीवर तो बंधारा उभा राहिला. परंतु नदीचे पाणी अडविणे निराळे आणि पिकाच्या मुळाशी ओल धरून ठेवणे निराळे. हे दुसरे काम करणारे म्हणून काही कण हल्ली पिशव्यांतून विकावयास येतात. त्यांस हायड्रोजेल म्हणतात. आपल्या वजनाच्या चारशेपट पाणी ते शोषितात असे सांगण्यात येते. ही गोष्ट खोटी नाही. परंतु तीत एक खोच आहे, आणि जिन्नस महाग असल्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी ती समजून घेतलेली बरी.

डिंकाचा खडा पाण्यात टाकला तर विरून जातो. सब्जाचे बी टाकले तर त्याभोवती बुळबुळीत थर फुगतो, पण विरत नाही. हायड्रोजेलची जात सब्जाची. पॉलिमर म्हणजे सूक्ष्म कणांची लांबच लांब साखळी. अशा असंख्य साखळ्या एकमेकींस जागोजाग गाठी मारून जोडल्या म्हणजे जाळे तयार होते. साखळ्यांवरील विद्युद्भार एकमेकांस दूर लोटतात, जाळे ताणले जाते व आत पाणी शिरते. गाठी असल्यामुळे ते विरघळत मात्र नाही. भोवतालची माती सुकू लागली की हेच पाणी मुळांस मिळते.

संकरित हा शब्द आपणांस बियाण्यामुळे परिचित आहे. येथेही संकरच आहे : अर्धा भाग वनस्पतीचा, अर्धा कारखान्याचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेने मक्याच्या स्टार्चवर असे कृत्रिम कलम केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘जलशक्ती’ नावाचा पदार्थ सिद्ध केला, आणि दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने सेल्युलोजपासून ‘पुसा हायड्रोजेल’ बनविला. हा शेवटचा पदार्थ ४० ते ५० अंश उष्णतेतही चांगले पाणी शोषितो, म्हणून तो आपल्याकडील तापलेल्या जमिनीस विशेष योग्य.

आता खोच सांगतो. ही जाळी परिस्थिती पाहून वागतात. १९७८ साली तोयोइची तानाका या शास्त्रज्ञाने दाखविले की, उष्णमानात किंवा द्रवात अल्पसा फरक होताच काही जेल एकाएकी आकसतात. क्षारांचाही परिणाम असाच होतो. चारशेपटीचा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. ज्या विहिरीच्या पाण्याने हंड्यास पांढरे कीट धरते, त्या पाण्यातील चुना साखळ्यांस आवळून बांधतो व शोषण पुष्कळच घटते. रासायनिक खत कणांस अगदी लागून पडले तरी हेच घडते. याची परीक्षा घरी करता येते. एक ग्रॅम कण लिटरभर पावसाच्या पाण्यात व तितकेच विहिरीच्या पाण्यात टाकावे. तीन-चार तासांनी न पिळता फडक्यातून गाळून तोलावे. विक्रेत्याशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे.

थोडा हिशेबही करू. शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलोची, म्हणजे एकरी फार तर २ किलो. चारशेपटीने ८०० लिटर झाले. परंतु एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ४,००० लिटर पाणी पडते! म्हणजे सर्व कण पूर्ण फुगूनही पाव मिलिमीटर पाऊस धरला जात नाही. उलट मीटरभर खोल काळी जमीन पिकास उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी स्वतःच धरते. तिची चिकणमाती ओलीने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीही एक प्रकारची जेलच, आणि फुकटची. अशा जमिनीत रब्बी ज्वारीसाठी हे कण विकत घेण्यात आम्हांस फारसा अर्थ दिसत नाही. तेथे बांधबंदिस्ती व वेळेवर कोळपणी यांवर केलेला खर्च अधिक फळ देईल. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राचे काम १९३३ पासून चालू आहे, त्याचा रोखही ओल जमिनीतच मुरविण्याकडे राहिला आहे.

तर मग हे कण कोठे घालावे? जेथे थोडे पाणी नेमक्या जागी हवे तेथे. मुरमाड माळावरील फळझाडांच्या खड्ड्यांत, भाजीच्या रोपांच्या वाफ्यांत, हलक्या जमिनीत पेरणीच्या ओळीत. शेतभर फेकले तर ते वायाच गेले. एक किलो कणांत दहा किलो बारीक कोरडी माती मिसळून बियांच्या ओळीतच सोडावे. हात कोरडे असावे, नाहीतर सर्व मिश्रण बोटांसच चिकटते. पाऊस मुळीच न पडल्यास कणांजवळ देण्यास काही नाही, हेही ध्यानात असावे. ते पाणी निर्माण करीत नाहीत.

पहिल्या वर्षी एखाद्या बिघ्यातच प्रयोग करावा व लगतचा पट्टा कणांवाचून तसाच पेरावा. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांस पेरणीच्या दिवशीच खुंट्या ठोकाव्या व काढणीच्या वेळी दोन्हींचे धान्य निरनिराळे मोजावे.