गालिचा धुवायला किती लागतात? नागपूरच्या सक्करदऱ्यातला हिशेब

बैठकीतल्या सहा बाय नऊच्या गालिच्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरांत तोच असतो. म्हणजे 54 चौरस फूट. घरी येऊन मशीननं धुऊन देणारे साधारण 10 ते 25 रुपये चौरस फुटाला सांगतात. 18 चा भाव ठरला तर 972 रुपये होतात. वर 18 टक्के जीएसटी लागला तर 1,147. सोफ्याचा भाव सीटवर असतो, दीडशेपासून तीनशेपर्यंत. एकटा गालिचा धुवायला बोलावलं तर बरेच जण किमान बिल लावतात, म्हणून गालिचा आणि सोफा एकाच खेपेत उरकून घ्या. शेजारच्या फ्लॅटवाल्यांना सोबत घेतलंत तर भावही उतरतो.

जीएसटीचं एक नीट पाहा. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा व्यावसायिकाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर त्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना 18 टक्के मागितले तर सरळ नाही म्हणा.

आता खरा मुद्दा. गालिच्यावर पाणी आणि साबण कोणीही मारतो. पैसे द्यायचे ते पाणी परत ओढून काढण्याचे. मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी आलेल्या माणसानं ब्रशनं भरपूर फेस केला, वरवर ओढला आणि "संध्याकाळपर्यंत वाळेल" म्हणून निघून गेला. चौथ्या दिवशी घरात ओल्या पोत्यासारखा वास सुटला. गालिचा उलटला तर पाठीला पिवळट-तपकिरी डाग उमटलेले. तागाची पाठ फार वेळ भिजली की तिचा रंग असा वर चढतो. दुसऱ्या कारागिराला बोलावलं. त्याच्या नळीच्या तोंडाशी पारदर्शक काच होती. तिच्यातून आधी चहासारखं गढूळ पाणी गेलं, मग फिकट, आणि शेवटी नुसती हवा फुसफुसायला लागली. त्यानंतरही तो कोरड्या नळीनं तीनदा फिरला. हे शेवटचे तीन फेरे म्हणजेच काम. भाव ठरवताना विचारा: कोरडे फेरे किती मारणार?

ओढण्याची हीच ताकद मिळवायला परदेशात मशीन गाडीवर चढवलं गेलं. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथनं 1901 मध्ये इंजिनावर चालणारा पंप घोडागाडीवर बसवला. गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्रानं साफ झाले. पुढे अमेरिकेत व्हॅनमध्ये पेट्रोल किंवा डिझेल इंजिन, मोठा ब्लोअर आणि गरम पाण्याची टाकी अशी एकत्र यंत्रं आली. इंजिनाची वाया जाणारी उष्णता पाणी तापवायला वापरायची, ही त्यातली मोठी हुशारी. अशी जुनी डिझेल यंत्रं तिकडे आजही जपून चालवतात.

सक्करदऱ्यात अशा गाडीवरच्या यंत्राची गरज पडत नाही. भांडे प्लॉटमागच्या गल्लीत तीन-चारशे किलोचं यंत्र घेऊन गाडी उभी करायची, इंजिन तासभर धडधडत ठेवायचं, आणि निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा 55 डेसिबल! चाकांवर ओढत आणायचं विजेवरचं मशीन घरापुरतं पुरेसं आहे. फक्त 15 अँपिअरचा सॉकेट लागतो. मोटर आणि हीटर मिळून तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे तीस-पस्तीस रुपयांची वीज. ती तुमच्या मीटरवर जाते, बिलात धरलेली नसते.

डिझेलचा हिशेब खरा लागतो तो बिछायत केंद्रवाल्यांना. लग्नसराई संपली की मांडवातल्या दऱ्या आणि सतरंज्यांचे ढीग मोकळ्या प्लॉटवर धुवायचे, तिथे वीज नसते. पाच अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर, फार तर सव्वा लिटर डिझेल पितं. लिटरमागे नव्वद रुपये धरले तर तीन तासांचे तीनशेच्या आसपास. जुनं इंजिन घ्यायचं असेल तर थंड असताना, तुमच्यासमोर सुरू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन काही सांगत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगचा खर्च अंगावर येणार. भारावर काळा धूर सुटला तर नोझल किंवा एअर फिल्टर पाहायला सांगा. आणि इंजिन टेम्पोवर कायमचं बसवून गाडीत फेरफार करायचा झाला तर आधी आरटीओची परवानगी घ्या, ती राहिली तर विम्याच्या वेळी अडचण येते.

लोकरीचा, हातानं विणलेला गालिचा असेल तर घाई करू नका. कडक साबणानं आणि कढत पाण्यानं लोकर आटते, रंग सुटतो. पांढरं फडकं ओलं करून कोपऱ्यात, लाल आणि निळ्या भागावर पाच मिनिटं दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर घरी धुणाऱ्याला हात लावू देऊ नका. गच्चीवर स्वतः धुवायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा की कोरडा वीसेक किलोचा गालिचा भिजला की दुपटीच्या वर जातो. उचलायला दोन माणसं हवीत, आणि कठड्यावर टाकताना पाठ मोडते, गालिच्याचीही आणि आपलीही.

वेळ मार्च ते मे निवडा. नागपूरच्या उन्हाळ्यात नीट ओढलेला गालिचा पंख्याखाली चार-पाच तासांत वाळतो. नैसर्गिक रंगांचा असेल तर थेट उन्हात टाकू नका. पावसाळ्यात डाग पडला तर तेवढाच टिपून घ्या आणि पूर्ण धुलाई दिवाळीवर ठेवा.

काम सुरू होण्याआधी गालिच्याचे चारही कोपरे आणि पाठ यांचे मोबाईलवर फोटो काढा, कारागिरालाच सोबत उभं करून. बिलावर मोजमाप, दर आणि कोणतं रसायन वापरलं ते लिहून घ्या. नुकसान झालं आणि तो ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. कामाची दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. फोटो आणि ते बिल तेवढं सोबत न्या.