न्यायलढ्याचे शिक्षक : चार्ल्स ह्यूस्टन

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विधिज्ञ चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांचा जन्म १८९५ साली झाला. पहिल्या महायुद्धात लष्करी अधिकारी असताना वर्णभेदाचे चटके सोसल्यावर त्यांनी कायद्याच्या अध्ययनाचा निश्चय केला. १९२९ ते १९३५ या काळात हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे उपअधिष्ठाता या नात्याने त्यांनी रात्रवर्गांऐवजी पूर्णवेळ, कसोशीचा अभ्यासक्रम रूढ केला. १९३८ च्या गेन्स खटल्यात, मिसुरी राज्याने कृष्णवर्णीयांनाही राज्यातच समान विधिशिक्षण द्यावे, असा निर्णय त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडून मिळविला. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल त्यांना पाहता आला नाही. मात्र तो मिळविणाऱ्या वकिलांचे नेतृत्व त्यांचेच शिष्य थरगूड मार्शल यांनी केले होते.