अकरावा गडी

चि. निनाद,

'मी टीमवर ओझं आहे, पुढच्या मॅचला मला घेऊ नका' हा मेसेज कॅप्टनला पाठवण्याआधी तू ताईला वाचून दाखवलास, हे बरं केलंस.

तुझे तळवे सपाट आहेत, तू पळायला मंद आहेस. खरं आहे ते. उगाच समजूत काढत बसत नाही. आता कुणीतरी तुला फिरकी गोलंदाज चंद्रशेखरचा दाखला देईलच, म्हणून मीच देतो. लहानपणी पोलिओ होऊन त्याचा उजवा हात वाळला आणि त्याच हातानं त्यानं ५८ कसोटींत २४२ बळी घेतले. लोक एवढंच सांगतात आणि म्हणतात, बघ, कमतरतेचंच बळ झालं. असं दर वेळी होत नसतं रे. त्या बारीक हाताला झटका मिळाला. तुझ्या सपाट पायांतून काही गुगली निघायची नाही.

मला त्याचा दुसरा आकडा जास्त आवडतो. कसोटीतल्या एकूण धावा १६७. बळींपेक्षा कमी! वर चेंडू फेकायचा तो डाव्या हातानं. यातलं काहीच लपलेलं नव्हतं. ज्याला जे येत नाही ते सगळ्या संघाला ठाऊक असलं, की त्याप्रमाणे माणसं उभी करता येतात.

१९७१ ची ओव्हलची कसोटी घे. दुसऱ्या डावात इंग्लंड १०१ वर आटोपलं, चंद्रानं ३८ धावांत ६ काढले. पण स्कोअरबुक नीट वाच. जेमसन धावबाद. लकहर्स्टनं सरळ मारलेल्या चेंडूला चंद्राचा स्पर्श झाला, चेंडू यष्टींवर गेला, आणि जेमसन क्रीझबाहेर होता. ही विकेट त्याच्या सहांत धरत नाहीत. नॉटचा झेल सोलकरनं फॉरवर्ड शॉर्ट लेगला पुढे झेपावून घेतला, तोही दुसरा फिरकी गोलंदाज वेंकट याच्या चेंडूवर. सोलकर म्हणजे आपल्या हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्याचा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल. दुसऱ्याच्या बोलिंगवर इतक्या जवळ उभं राहायला काय लागतं ते तंबूत बसून कळत नाही. (आपण जिंकलो त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. तुझे आजोबा याचं सगळं श्रेय गणपतीला द्यायचे.)

आता तुमची परवाची मॅच. स्कोअर लिहिता लिहिता मी बघत होतो. तू मंद पळतोस हे दिसलंच, पण तो पहिला चेंडू पायाखालून गेला आणि त्यानंतर तू मिडऑनवरून हळूहळू मागे सरकत गेलास. पुन्हा फजिती नको म्हणून. कॅप्टननं ठेवलं होतं तिथून चांगली दहाएक पावलं मागे. समोरच्यांनी ते हेरलं आणि तिथून निवांत एकेक धाव चोरली. कॅप्टन समजत होता, मिडऑनला माणूस आहे. तिथं कुणी नव्हतंच. पायांनी जेवढ्या धावा दिल्या नसतील, तेवढ्या या लपण्यानं दिल्या. ओझं म्हणायचंच असेल तर ते हे.

तर कॅप्टनला तोंडावर सांग: "मला जागेवरून झटकन हलता येत नाही, समोरचा चेंडू मात्र अडवीन. माझ्या उजव्या बाजूला पळणारा पोरगा दे." यात लाज कसली? नंतर जिथं ठेवतील तिथंच राहायचं.

बॅटिंगला गेलास की सेट झालेल्या जोडीदाराला आधीच सांग की दुसरी धाव मागू नकोस. 'नो' म्हणायचं तर लगेच आणि खड्या आवाजात. अर्ध्या पिचवर आलेल्या माणसाला 'नो' म्हणणं हा गुन्हा आहे. आणि स्वतःच्या बोलिंगवर बॅट्समननं चेंडू मारला की बघत उभा राहू नकोस, स्टंपामागे जा आणि थ्रो घे. त्याला चारच पावलं लागतात. धावबाद झाला तर तो बळी तुझ्या नावावर लागणार नाही, पण मी ते बघितलेलं असेल.



बुटात घालायचे इन्सोल ताईकडे पाठवतोय. हाडांच्या डॉक्टरांना दाखवूनच वापर. आणि रविवारी टॉसच्या आधी पोहोच. कॅप्टनशी बोलणं टॉसनंतर उरकू नकोस, तेव्हा त्याला कुणाचंच ऐकू येत नसतं.

तुझा,
मामा